कडी आणि भोवरकडी: हार्ड लूरला दोरी कशाने जोडायची

मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात "क्लिप द्या" म्हटलं की दुकानदार दोनपैकी कुठलंही पाकीट पुढे सरकवतो. एकात तारेच्या उघडमीट करता येणाऱ्या बारक्या कड्या असतात. दुसऱ्यात तशीच कडी, पण तिच्या शेपटीला एक फिरता मणी जोडलेला. पहिली स्नॅप, दुसरी स्नॅप-स्विवेल. किमतीत फारसा फरक नसतो आणि दुसऱ्यात एक भाग जास्त मिळतो, म्हणून नवा माणूस हमखास दुसरं पाकीट उचलतो. मीही तेच उचललं होतं. पहिली दोन वर्षं माझे लूर, म्हणजे नकली आमिषं, पाण्यात कसे पोहतात हे मी वाकून बघितलंसुद्धा नव्हतं.

स्विवेलला आपल्याकडे जुना शब्द आहे: भोवरकडी. दाव्याला बांधलेलं वासरू खुंट्याभोवती फिरत राहतं, दावं पिळत पिळत आखूड होतं. मध्ये भोवरकडी असली की तो पीळ तिथल्या तिथे सुटतो. झोपाळ्याला मात्र कोणी भोवरकडी लावत नाही. तो झुलतो, गरगर फिरत नाही. त्याला लागते ती फक्त सैल, गुळगुळीत कडी. तेव्हा आधी ठरवायचं ते हे, की दोरीच्या टोकाला बांधलेलं जनावर वासरू आहे की झोपाळा.

मिनो किंवा क्रँकबेट जातीचा, म्हणजे कडक अंगाच्या छोट्या माशासारखा, हार्ड लूर हा झोपाळा आहे. त्याच्या तोंडाखाली प्लास्टिकची जीभ असते, तिला आपण लिप म्हणतो. दोरी ओढली की पाणी त्या जिभेवर दाबतं, एका बाजूने निसटतं, मग दुसऱ्या बाजूने, आणि त्या धक्क्यांनी लूरचं अंग डावी-उजवीकडे हलतं, थोडं कलंडतं, परत सरळ होतं. पूर्ण गिरकी तो कधीच घेत नाही. घेत असेल तर लूर बिघडलेला आहे, बहुतेक वेळा नाकातली कडी वाकलेली असते. लूर ज्या बाजूला पळतो त्याच्या उलट बाजूला ती कडी पकडीने किंचित, अगदी केसभर वाकवायची, एकदा ओढून बघायचं, लागलं तर पुन्हा. भोवरकडी लावून हा दोष जात नाही.

म्हणजे मिनोला पीळ पडतच नाही, आणि भोवरकडी तर फक्त पीळ सोडवण्यासाठीच असते. उपयोग नसला तरी तिचं वजन मात्र राहतं, तेही नेमकं नाकावर. सात सेंटीमीटरचा तरंगता मिनो जेमतेम चार ग्रॅमचा असतो. त्याच्या नाकावर मणी, कडी आणि दोन सांधे टांगले की तो नाक खाली घालतो आणि झुलणं मंदावतं. शिवाय लांब जोडणी झाली की फेकताना लूर हवेत उलटतो आणि पुढचा तीनतोंडी गळ दोरीतच अडकतो. मग तुम्ही तीस मीटर लांबून एक आडवा, गुंतलेला प्लास्टिकचा तुकडा ओढत आणता आणि वर म्हणता, आज मासा नाही.

विश्वास बसत नसेल तर थंडीत, पाणी निवळलं की जेटीवर जा. पावसाळ्यात खाडी गढूळ, तेव्हा हे दिसणार नाही. रॉडच्या टोकापासून हातभर दोरी सोडा, तरंगता मिनो स्नॅप-स्विवेलने जोडा आणि पायाखालच्या पाण्यातून सावकाश ओढा. मग तोच लूर नुसत्या स्नॅपने. मी जयगडच्या खाडीत हे केलं तेव्हा फरक डोळ्यांच्या आधी हातालाच कळला. स्नॅपवर रॉडच्या टोकाला बारीक थरथर आली, कोणीतरी दार टकटकावतंय तशी. स्विवेलवर तीच थरथर जड आणि उशिरा आली, आणि अगदी हळू ओढलं तर आलीच नाही. जिताड्यासाठी लूर कासवाच्या गतीने आणावा लागतो, त्या वेळी ही थरथरच सगळं काम करत असते.

"पण माझ्या दोरीला पीळ पडतोच की!" असं लगेच कोणीतरी म्हणतो. पडतो, खरं आहे. फक्त तो लूरने घातलेला नसतो. स्पिनिंग रीलवर मासा ओढत असताना, ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, करकरत दोरी बाहेर जात असताना, आपण घाबरून हँडल फिरवत राहतो. दोरी आत येत नाही, पण दोरी गुंडाळणारी रीलची कमान फिरत राहते. ५.२ : १ अशा रीलवर हँडलच्या एका फेरीला कमान पाच वेळा फिरते, म्हणजे फेरीमागे पाचेक पीळ. अर्धं मिनिट असं केलं की दोरीचा पार जिलेबीचा घाणा होतो. उपाय सोपा आहे: ड्रॅग बोलतोय तोवर हँडल सोडा, रॉड धरून ठेवा, आणि तो गप्प झाला की फिरवा.

मग भोवरकडी कुठे? वासरांना. आसाभोवती पातं फिरणारा स्पिनर, आणि जोरात ओढला की स्वतःभोवती गिरक्या घेणारा धातूचा स्पून, ही खरी वासरं. तिथे भोवरकडी हवीच, आणि तीही छर्रे घातलेली. साध्या पिंपाच्या आकाराच्या स्वस्त भोवरकडीत धातूवर धातू घासतो, ताण आला की ती फिरायचीच थांबते, म्हणजे नेमकी गरजेच्या वेळी. ती स्पूनच्या नाकावरच असली पाहिजे असंही नाही. मुख्य दोरी आणि लीडर, म्हणजे तिच्या टोकाला जोडलेला जाड तंगुसाचा तुकडा, यांच्या मध्ये बसवली तरी पीळ तिथे अडतो. फक्त तेव्हा लीडर हात-दीड हाताचाच ठेवा, कारण भोवरकडी रॉडच्या टोकाच्या कडीतून आत जात नाही, आणि लांब लीडर असला तर फेकायची पंचाईत.

आता स्नॅपबद्दल, कारण चूक तिथेही होते आणि ती महागात पडते. स्वस्त स्नॅपचा एक प्रकार सेफ्टी पिनेसारखा असतो: पितळी पत्र्याची चिमटी, आणि तिच्या कडेखाली अडकवायचं तारेचं टोक. सरळ ओढलं तर तो धरतो. पण जिताडा सरळ कुठे ओढतो? तो पाण्याबाहेर उसळतो, डोकं झाडतो, आणि प्रत्येक झटका तिरका बसतो. एकदा भरतीच्या तोंडाला, पुलाच्या खांबापाशी, असा एक मासा दोनदा उसळला आणि दोरी एकदम हलकी झाली. तुटली असती तर निदान गाठीला दोष दिला असता. पण टोकाला स्नॅप शाबूत होता, सताड उघडा, तार सरळ झालेली. लूर सातशेचा होता, त्याचं दुःख नंतर आठवलं.

तेव्हापासून मी तारेचं टोक तारेतच अडकणारा, दुहेरी कुलपाचा स्नॅप वापरतो. त्याला ड्युओ-लॉक म्हणतात. तोंड गोल, रुंद असलेला निवडा. निमुळत्या तोंडाच्या स्नॅपमध्ये लूरची कडी कोपऱ्यात रुतून बसते आणि झोपाळा पुन्हा अडतो. पाकिटावरच्या नंबरावर जाऊ नका, एका कंपनीचा दोन नंबर दुसरीच्या शून्याएवढा निघतो. किलोचा आकडा वाचा. लीडर ३० पाउंडाचा असेल, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, तर स्नॅप त्याहून कमी ताकदीचा नको. आणि उघडमीट करून तार एकाच जागी वाकत राहते, तेव्हा चार-पाच फेऱ्यांनंतर तो निमूट फेकून द्या. दहा रुपयांची ही वस्तू जपून ठेवणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं.

बऱ्याच लूरच्या नाकावर आधीच दुहेरी वळणाची चावीच्या रिंगसारखी कडी असते, स्प्लिट रिंग. तिला लीडर थेट बांधायचा मोह होतो. बांधलात तर गाठ त्या कडीच्या फटीपासून दूर ठेवा. ताण पडला की तंगूस दोन वळणांच्या मध्ये शिरतो आणि तिथेच कातरला जातो. मी स्नॅप लावतो तेव्हा नाकावरची ही रिंग काढूनच टाकतो. एका कामाला दोन कड्या कशाला?

आणि काहीच न लावता, थेट लूरच्या कडीला? घट्ट आवळलेली गाठ इथे सगळ्यात वाईट. ती कडीच्या एका बाजूला सरकते आणि लूर मान वाकडी करून पोहतो. फासा ठेवलेली गाठ मात्र उत्तम, किंबहुना स्नॅपचा शोध म्हणजे याच फाशाची आळशी माणसाने केलेली सोय. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये बुचाच्या लाकडातून आपला पहिला मिनो कोरला, चॉकलेटच्या चांदीने मढवला, वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. त्याने हेरलं होतं की थव्यातला जो छोटा मासा अडखळत, लडबडत पोहतो त्याच्यावरच मोठा मासा झडप घालतो. ते लडबडणं टिकावं म्हणून वापरली जाणारी फाशाची गाठ आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती बांधायला दोन मिनिटं लागतात, आणि दर वेळी लीडर बोटभर आखूड होतो. एकच लूर तासभर फेकायचा असेल तर मी फासाच बांधतो. लूर बदलत बसायचं असेल, किंवा अंधारात, ओल्या हातांनी, डोक्यावरच्या बॅटरीभोवती किडे घोंगावत असताना, तर स्नॅप.

सुरमईसाठी तारेचा लीडर लागतो, तिच्या दातांपुढे तंगूस टिकत नाही. तिथेही टोकाला स्नॅपच, पण काळा. चकचकीत धातू दिसला की हे मासे लूर सोडून त्यालाच चावतात, आणि मग लूर, स्नॅप, लीडर सगळंच जातं.

एके ठिकाणी मात्र माझं वरचं बोलणं लागू नाही. समुद्रातल्या खडकांवरून मोठ्या ट्रेव्हलीसाठी फेकतात तो शंभर-सव्वाशे ग्रॅमचा पॉपर. त्याला जीभ नसते, तो थरथरत नाही, तोंडाने पाणी उडवत येतो. त्याच्या नाकावर जाडजूड भोवरकडी आणि भक्कम स्प्लिट रिंग लावली तरी एवढ्या वजनात ती कुठेच जाणवत नाही.

पाण्यात अधांतरी थांबणारा सस्पेंडिंग लूर घेतलात तर उलटीच नाजूक तऱ्हा. तो ना बुडतो ना तरंगतो, त्यामुळे साधा स्नॅपही त्याचा तोल बदलू शकतो, आणि पाणीसुद्धा. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड. गणपतीच्या दिवसांत नदीच्या पाण्याने भरलेल्या खाडीत जो लूर अधांतरी थांबतो, तोच शिमग्याला, खारं पाणी वरपर्यंत चढलं की हळूहळू वर येऊ लागतो. म्हणून मी तो घरच्या बादलीत तपासत नाही. जाईन तिथल्या काठावर, त्या दिवशी लावायचा तोच स्नॅप लावून, एकदा पायापाशी पाण्यात सोडतो आणि दहा आकडे मोजतो.