आजव्याचं पाणी आणि वटावाचा दर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली, रस्त्यांवर मगरी फिरल्या. पाणी ओसरल्यावर आमच्या सोसायटीची मीटिंग भरली. विषय एकच: पाण्याची मोटर उंच कट्ट्यावर चढवायची का? खजिनदार काका म्हणाले, "पूर काय दरवर्षी येतो? तेच पैसे एफडीत ठेवले तर?"

उद्याचं नुकसान टाळायला आज किती खर्च करायचा, हे हवामानबदलाच्या अर्थशास्त्रातलं सगळ्यात मोठं भांडण काकांनी चहा पिता पिता उकरून काढलं होतं.

"२१०० पर्यंत जीडीपी अमुक टक्के घटणार" अशा बातम्या येतात, त्यांच्यामागे एखादं मॉडेल असतं. विल्यम नॉर्डहाउस (२०१८चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांच्या 'डाइस' मॉडेलची साखळी अशी: उत्पादनातून कार्बन, कार्बनमुळे उष्णता, उष्णतेमुळे उत्पादनाचं नुकसान. नुकसान तापमानवाढीच्या वर्गाच्या प्रमाणात. वाढ दुप्पट झाली की नुकसान चौपट. वर्गच का, घन का नाही? ते निसर्गाने सांगितलेलं नाही, गृहीत धरलेलं आहे. नक्षत्राचं वाहन बेडूक म्हणून पाऊस चांगला, असं सांगणाऱ्या पंचांगाला आपण हसतो, हसायलाच हवं. मग २१०० सालचा आकडा दशांश चिन्हासकट छापणाऱ्या बातमीपुढे मान का डोलावतो?

खरी गंमत वटावात आहे, म्हणजे पुढच्या रकमेची आजची किंमत काढताना होणाऱ्या कपातीत. मुदतीआधी हुंडी वटवली की रक्कम कापून मिळते, तसंच हे. शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत किती? दर ४.३ टक्के धरा (नॉर्डहाउस यांचा दर याच्या आसपासचा), उत्तर येतं दीड रुपया. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलावरच्या २००६च्या अहवालात १.४ टक्के धरला. उत्तर २५ रुपये. पृथ्वी तीच, पूर तेच, फरक सोळापटींहून जास्त!

हा १.४ आला कुठून? दर = अधीरता (नंतरचं ते कमी मोलाचं मानणं) + (श्रीमंतीची उतरती गोडी × वाढीचा वेग). पुढची पिढी जास्त श्रीमंत असेल, तर तिच्या एका रुपयाचं मोल आपल्या रुपयाहून कमी. दुसरं पद ते मोजतं. स्टर्न यांची बेरीज: ०.१ + (१ × १.३). अधीरतेच्या जागी आलेला ०.१ टक्का म्हणजे फक्त मानवजातच नष्ट होण्याची वार्षिक शक्यता. केवळ 'नंतर जन्मले' म्हणून नातवंडांना कमी लेखायला त्यांनी नकार दिला.

सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा तलावाचं पाणी शहर अजून पितं. ४.३ टक्क्यांनी त्या वेळी हिशेब केला असता, तर १३० वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या पाण्याची वहीत नोंद झाली असती ४२ पैसे. अर्थात तलाव बांधला तो त्या काळची तहान भागवायला, आमच्यासाठी नव्हे. आणि आजवा भरला की जादा पाणी विश्वामित्रीतच येतं. एका संकटावरचा उपाय दुसऱ्यात असा भर घालतो, ते टक्केवारीत कुठे बसवायचं हे मला तरी अवघड वाटतं.

मोटर शेवटी अडीच फूट चढली. काकांनी दर वगैरे काही मोजला नाही. पुरात जळालेल्या मोटरचं वाइंडिंग करून आणायला त्यांनाच दोनदा खेटे घालावे लागले होते.