गणगौर, निमाडची

विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या नर्मदाखोऱ्यात, मुख्यतः मध्य प्रदेशातील खरगोन, बडवानी व खंडवा जिल्ह्यांच्या गावांत, देवी रणुबाई आणि तिचा पती धणियर राजा यांच्या नावाने होणारा वसंतोत्सव. घाट चढून इंदूरला स्थायिक झालेल्या निमाडी कुटुंबांनी तो शहरातही आणला आहे.

उत्सव साधारण नऊ दिवस चालतो. स्थानिक पंचांगाप्रमाणे आरंभ चैत्र कृष्ण दशमीला (काही गावांत एकादशीला) आणि समाप्ती चैत्र शुद्ध तृतीयेला. मराठी वाचकाचा इथे हमखास घोटाळा होतो. माळवा-निमाडात महिना पौर्णिमान्त असल्याने तिथला चैत्र कृष्ण पक्ष हा आपल्या अमान्त गणनेतला फाल्गुन वद्य होय. म्हणजे गुढीपाडवा उत्सव चालू असतानाच येतो, अखेरीनंतर नव्हे. शुद्ध पक्षात दोन्ही गणना जुळतात. त्यामुळे ज्या तृतीयेला निमाडची रणुबाई सासरी निघते, त्याच दिवशी इंदूरच्या मराठी घरांत चैत्रगौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत कैरीची डाळ, पन्हे, हळदीकुंकू असे माहेरपण घेते. दोन्हींची मूळ कल्पना माहेरवाशिणीचीच. तथापि एक दुसरीपासून निघाली असे म्हणण्यास पुरावा नाही.

उगमाविषयी दोन मते आहेत. राजस्थानातून आलेल्या जातींनी हा उत्सव निमाडात रुजवला, हे अधिक प्रचलित मत. नाव, समाप्तीची तिथी आणि दांपत्यपूजा या गोष्टी त्याला पोषक ठरतात. परंतु राजस्थानात पूजा होळीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, ईसर (शिव) व गौरी यांच्या मूर्ती असतात आणि भर सौभाग्यावर असतो. निमाडात पेरलेले जवारे (गव्हाचे कोंब) हीच देवी, आणि गीतांत वारंवार भेटते ती मुलासाठी झुरणारी स्त्री. दुसऱ्या मताप्रमाणे धणियर हा सूर्य व रणुबाई ही सूर्यपत्नी. सौराष्ट्रात सूर्यपत्नी रांदलला सीमंत (गर्भवतीचा संस्कार), विवाह अशा प्रसंगी आवाहन करतात. सातपुड्याच्या दक्षिणेस खानदेशात कानबाईच्या जोडीने रानबाईचे नाव येते. केवळ नामसाधर्म्यावर विसंबणे धोक्याचे, आणि जवारे तर नवरात्रातल्या घटाभोवतीही उगवतात, तेव्हा तोही निर्णायक पुरावा नव्हे. मात्र अपत्याची याचना रांदल आणि रणुबाई या दोघींकडे असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जुन्या स्थानिक देवतेवर राजस्थानी उत्सवाचा साज मागाहून चढला असावा. गीते मौखिक परंपरेतली आणि त्यांची भाषा आजची निमाडी, म्हणून तिच्यावरून काळ ठरवता येत नाही.

बांबूच्या लहान टोपल्यांत (कुरकई) माती भरून गहू पेरतात आणि त्या एका बंद खोलीत ठेवतात; ती मातेची 'बाडी'. आत फक्त सेवा करणारी व्यक्ती जाते. ऊन न लागल्याने जवारे पिवळसर राहतात. बायका रोज बाडीशी जमून गातात. नंतर लाह्या, फुटाणे वगैरे वाटतात, त्याला तंबोल म्हणतात. आंब्याची पाने खोवलेले कलश घेऊन अमराईत जाण्यास 'पाती' खेळणे म्हणतात.

तृतीयेला बाडी दर्शनासाठी उघडते आणि रथ सजतात. रथ या शब्दाने इथे चाकांचे वाहन समजू नये. लुगडे-दागिने, धोतर-पागोटे चढवलेल्या लाकडी सांगाड्यांच्या त्या रणु-धणियरच्या आकृती असतात. त्यांत जवारे ठेवून, त्या डोक्यावर घेऊन ढोल-थाळीच्या तालावर झालरिया गीते म्हणत नाचतात. मग नदीवर किंवा विहिरीवर जवारे विसर्जित होतात. मात्र एखाद्या कुटुंबाचा नवस असेल तर ते कुटुंब विसर्जनाआधी रथ आपल्या दारी वळवून आणते, देवीला मुक्कामाला ठेवते आणि गावजेवण घालते. याला रथ 'बौडाना' म्हणतात. असे नवस एकाहून अधिक असले तर रणुबाईचा मुक्काम तितका लांबतो आणि समाप्तीची तिथी पंचांगापुरतीच राहते.