ब्रिजमधील बचावाचा खेळ

काँट्रॅक्ट ब्रिज या चौघांच्या पत्त्यांच्या खेळात बोली संपली की एक जोडी करार, म्हणजे बोलीत कबूल केलेले हात, पुरा करायला बसते आणि दुसरी जोडी तो मोडायला. या दुसऱ्या जोडीच्या खेळाला बचाव म्हणतात. चार खेळाडूंपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी चारांतला एक डाव डिक्लेअरर (करार खेळणारा) म्हणून येतो आणि एक डमी (पाने उघडी मांडणारा त्याचा भिडू) म्हणून. उरलेले दोन बचावात जातात. तरीही नवे खेळाडू बोलीची पद्धत घोकण्यात महिने घालवतात आणि बचावाकडे काणाडोळा करतात. ब्रिजमधले सर्वाधिक हात मात्र इथेच वाया जातात.

बचाव अवघड असण्याचे कारण साधे आहे. डमी उघडल्यावर प्रत्येकाला २६ पाने दिसतात. डिक्लेअररला दिसतात ती त्याच्याच बाजूची. बचाव करणाऱ्याला स्वतःची १३ आणि विरोधकांची १३ दिसतात, भिडूची मात्र झाकलेलीच राहतात. त्यामुळे ‘दुसऱ्याने लहान, तिसऱ्याने मोठे’ यांसारखे नियम आधाराला उपयोगी पडतात, पण डाव त्यांवर जिंकता येत नाही. खरा प्रश्न असा असतो: करार मोडायला किती हात लागतील आणि ते कुठून येतील?

एक डाव पाहू. दक्षिणेचा करार ४ इस्पिकचा, म्हणजे इस्पिक हुकूम आणि १३ पैकी १० हात. तो मोडायला बचावाला चार हात हवेत. पश्चिमेने बदाम राणीची उतारी केली. उत्तरेची डमी अशी: इस्पिक राजा, गुलाम, ७, ३, बदाम ८, ६, चौकट राजा, राणी, गुलाम, १०, किलवर गुलाम, ७, ४. पूर्वेकडे इस्पिक ८, २. बदाम एक्का, ९, ७, ३, २. चौकट ६, ५, ४. किलवर राजा, ६, ३. पूर्वेने एक्क्याने हात घेतला. आता काय खेळायचे?

हाताला सवयीने बदामच लागतो, कारण भिडूने तोच रंग काढला आहे. पण राणीची उतारी सहसा राणी-गुलाम असताना आणि राजा नसताना होते, त्यावरून राजा डिक्लेअररकडे आहे हे कळते. दुसरा बदाम त्या राजाला जाईल आणि तिसरा डमी हुकमाने मारील. डमीची चौकट तयार माल आहे. तिच्या चौथ्या पानावर डिक्लेअरर हातातले एक हरणारे पान फेकू शकतो. म्हणजे वेळ कमी आहे. चार हातांपैकी एक मिळाला, उरलेले तीन फक्त किलवरमधून येऊ शकतात आणि त्यासाठी भिडूकडे एक्का-राणी असायला हवी. ते शक्य आहे का? एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ असे मोजले तर एकूण ४० गुणांपैकी डमीचे ११, पूर्वेचे ७. दक्षिणेने इस्पिकने बोली उघडली, तेव्हा तिच्याकडे १३ च्या आसपास धरले तर पश्चिमेला ९ उरतात. बदाम राणी-गुलामाचे ३ वजा केले की राहतात ६, नेमके एक्का आणि राणी. पूर्वेने किलवर तिर्री खेळावी. भिडू राणीने हात घेतो, एक्का वाजवतो, तिसरे किलवर पूर्वेच्या राजाला देतो आणि करार एका हाताने मोडतो. बदाम परत केला असता, तर दक्षिणेने हुकूम काढून घेऊन चौकटीवर एक किलवर फेकले असते आणि करार पुरा झाला असता.

या विचारपद्धतीचा गाभा असा की भिडूकडे काय असेल तरच करार मोडतो, ते ठरवायचे आणि तसे आहे असे धरूनच खेळायचे. मात्र तो अंदाज बोलीशी आणि पडलेल्या पानांशी जुळला पाहिजे. डमीत असा लांब रंग नसेल तर सल्ला उलटतो. तेव्हा घाई न करता सुरक्षित पान परतवावे आणि नवे रंग डिक्लेअररलाच उघडू द्यावेत.

भिडूची झाकलेली पाने थोडीफार ओळखता यावीत म्हणून संकेत असतात. मोठे पान टाकणे म्हणजे ‘हा रंग चालू ठेव’, किंवा ठरल्याप्रमाणे त्या रंगात पाने सम आहेत की विषम याची सूचना. नोट्रम्पविरुद्ध, म्हणजे बिनहुकमी कराराविरुद्ध, लांब रंगातले वरून चौथे पान उतरण्याची प्रथा आहे. त्यातून ‘अकराचा नियम’ निघतो: सत्ती उतरली तर ११ मधून ७ वजा करावेत, म्हणजे त्याहून मोठी चार पाने उरलेल्या तीन जणांत आहेत. कोणत्या रंगाकडे वळावे हे सुचवणारा संकेत अमेरिकेत हाय लॅव्हिंथल यांच्या नावाने ओळखला जातो. संकेतांचा अर्थ विरोधकांनी विचारल्यास सांगावा लागतो. चेहऱ्याने किंवा रेंगाळून खुणा करणे नियमबाह्य आहे. मेंढीकोटात भिडूला डोळा घालायची सवय असलेल्यांनी हे खास लक्षात घ्यावे.

काही बचाव त्यागाचे असतात. ‘मेरिमॅक कू’मध्ये बचाव करणारा आपला राजा मुद्दाम गमावून डमीतला एक्का बाहेर काढतो, म्हणजे तिथल्या लांब रंगाकडे परतायची वाट तुटते. हे नाव १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धातून आले. क्यूबातील सांतियागो बंदराचे तोंड बंद करण्यासाठी अमेरिकेने आपलेच मेरिमॅक नावाचे जहाज तिथे बुडवायचा प्रयत्न केला होता.

सर्वोत्तम खेळ कोणता, हे स्पर्धेच्या प्रकारावरही ठरते. संघांच्या सामन्यात करार मोडण्यासाठी एखादा जादा हात देण्याचा धोका पत्करणे बहुधा रास्त असते. जोडीच्या स्पर्धेत प्रत्येक डावाची तुलना इतर टेबलांशी होते. तिथे करार मोडण्याची आशा धूसर असेल, तर एक जादा हात वाचवणारा साधा खेळच चांगले गुण देऊन जातो.