डब्लिनची हमी आणि शिरोलीचं कास्टिंग

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून मोटारींना लागणारं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, युरोपात जातं आणि हुपरीची चांदी डॉलरच्या दरावर हलते. म्हणून युरोपातल्या सरकारी कर्जाची झळ कोल्हापूरलाही लागते.

लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक बुडून पंधरवडा झाला होता. ३० सप्टेंबर २००८ ला आयर्लंड सरकारने आपल्या बँकांच्या ठेवी आणि कर्जांची सुमारे ४४० अब्ज युरोंची हमी घेतली. देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. पतसंस्थेत मित्राला जामीन राहून हप्ते फेडलेल्यांना पुढचं सांगायला नको. वर्षभरापूर्वी हे सरकार युरोपातल्या कमी कर्ज असलेल्यांपैकी एक होतं. २०१० मध्ये त्याची तूट जीडीपीच्या ३२ टक्क्यांवर गेली आणि ८५ अब्ज युरोंचं मदत-कर्जाचं पॅकेज घ्यावं लागलं.

ग्रीसची गोष्ट उलटी. तिथे सरकारच कर्जात बुडालेलं, वर तुटीचे आकडे दडवलेले. पण त्याचे रोखे, म्हणजे त्याने घेतलेल्या कर्जाचे कागद, फ्रान्स-जर्मनीच्या बँकांकडेही होते. युरोपातल्या सरकारांचे रोखे नियमांनुसार जोखीमशून्य धरले जात, त्यांच्यासाठी बँकांना तोटा सोसायला स्वतःचं भांडवल बाजूला ठेवावं लागत नसे. खरी मेख इथेच होती, असं मला वाटतं. मे २०१० मध्ये ग्रीसला जाहीर झालेल्या ११० अब्ज युरोंच्या मदत-कर्जामधला मोठा वाटा जुनी देणी भागवण्यातच गेला.

२०१२ मध्ये ग्रीसच्या खासगी रोखेधारकांना दर्शनी किमतीच्या निम्म्याहून जास्त रकमेवर पाणी सोडावं लागलं. सायप्रसच्या दोन मोठ्या बँका त्यातच अडकल्या. मार्च २०१३ मध्ये एक बंद झाली. दुसरीत, म्हणजे बँक ऑफ सायप्रसमध्ये, एक लाख युरोंपर्यंतच्या ठेवी वाचल्या, वरच्या रकमेपैकी ४७.५ टक्क्यांचे शेअर झाले. सरकार ग्रीसचं, ठेवीदार सायप्रसचे!

आपल्याकडे ही लाट डॉलरवाटे आली. भांडवलाची चणचण भासू लागल्यावर युरोपीय बँकांनी युरोपाबाहेर दिलेली कर्जं आखडती घेतली आणि डॉलर महागला. ऑगस्ट २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबरात ५४ वर गेला. निर्यातदाराला रुपये जास्त मिळाले खरे, पण आयात कच्चा मालही महागला.

२६ जुलै २०१२ ला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे मारिओ द्रागी यांनी युरो वाचवण्यासाठी लागेल ते करू, असं जाहीर केलं आणि रोख्यांचे व्याजदर उतरू लागले. युरोपातली मोटारविक्री मात्र २०१३ मध्येही घटलेलीच राहिली.