प्रायॉरिटी क्यू म्हणजे हीप नव्हे

जावामध्ये प्रायॉरिटी क्यूत ३, २, १ असे आकडे टाका आणि तो क्यू तसाच प्रिंट करा. पडद्यावर येतं १, ३, २. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काहीच नसतं. आपण विचारतो प्रायॉरिटी क्यूला आणि दिसतो आतला हीप.

प्रायॉरिटी क्यू हा ॲबस्ट्रॅक्ट डेटा टाइप आहे. तो एवढंच वचन देतो: घटक टाका, आणि काढायला सांगाल तेव्हा सर्वांत वरच्या अग्रक्रमाचा हाती मिळेल. वरचे आकडे एकेक करून काढा (जावात लहान आकड्याचा अग्रक्रम वरचा), १, २, ३ असेच येतील. बाकीचे घटक आत कोणत्या क्रमाने बसलेत, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. वचन आणि आतली रचना अशी वेगळी ठेवायची ही दृष्टी बार्बरा लिस्कोव आणि स्टीफन झिलेस यांनी १९७४ च्या शोधनिबंधात मांडली. मला ती प्रोग्रामिंगमधल्या सर्वांत मोलाच्या कल्पनांपैकी एक वाटते.

हीप हे डेटा स्ट्रक्चर, म्हणजे प्रत्यक्ष मांडणी. (मेमरीतला हीप वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) बायनरी हीप हे एक झाड, प्रत्येक घटकाखाली जास्तीत जास्त दोन मुलं. घटक मात्र साध्या ॲरेत, म्हणजे ओळीने मांडलेल्या जागांत राहतात, शून्यापासून मोजलं तर 'क' जागेवरच्या घटकाची मुलं २क+१ आणि २क+२ या जागांवर. नियम एकच: मूल अग्रक्रमात पालकाच्या पुढे जाणार नाही. भावंडांत मात्र कुठलाही क्रम चालतो, म्हणून ते १, ३, २. दहा लाख घटकांच्या हीपला जेमतेम २० पातळ्या असतात, त्यामुळे टाकणं आणि काढणं दोन्ही झटपट होतं. आणि गंमत म्हणजे जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये हीप मांडला तो सॉर्टिंगसाठी, म्हणजे यादी क्रमाने लावण्याच्या हीपसॉर्ट या पद्धतीसाठी.

तेच वचन बिनक्रमाचा ॲरेही पाळतो: टाकणं क्षणात, काढताना मात्र सगळे घटक तपासायचे. मग तो वापरायचा कशाला? डाइक्स्ट्राचा अल्गोरिदम घ्या: ग्राफमध्ये, म्हणजे शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यात, तो एका बिंदूपासून बाकीच्यांची सर्वांत कमी अंतरं शोधतो, आणि पुढचा सर्वांत जवळचा बिंदू प्रायॉरिटी क्यूतून काढतो. ग्राफमध्ये जवळजवळ प्रत्येक शिरोबिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी जोडलेला असेल, तर अंतरं सतत बदलत राहतात, आणि प्रत्येक बदलाला बायनरी हीपमध्ये वरखाली करावं लागू शकतं. साध्या ॲरेत तो बदल जागच्या जागी होतो, आणि अशा दाट ग्राफवर ॲरेच हीपला मागे टाकतो. प्रायॉरिटी क्यू म्हणजे हीपच, असं पक्कं धरून बसलेल्याला हा पर्याय सुचतच नाही.