राखीव दलातील तुकडीबदल

अर्धवेळ सैनिकाने एका तुकडीतून दुसऱ्या तुकडीत, किंवा एका राखीव दलातून दुसऱ्या राखीव दलात जाणे म्हणजे तुकडीबदल. खड्या सैन्यात सरकार सैनिकाला हलवते आणि बिऱ्हाड त्याच्यामागून जाते. राखीव सैनिकाचे याच्या उलट असते. नोकरी, लग्न किंवा शिक्षणापायी तो आधीच गाव सोडतो आणि तुकडी मागे राहते. त्यामुळे ही बहुतेकदा विनंती बदली असते. ती मिळणे न मिळणे मात्र जागा आहे की नाही यावर ठरते. ही नोंद प्रामुख्याने अमेरिकेच्या भूदलातील पद्धतीविषयी आहे.

तिथे राखीव बळ दोन ठिकाणी विभागलेले आहे. आर्मी रिझर्व्ह पूर्णपणे केंद्र सरकारचे. नॅशनल गार्ड एरवी राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असते आणि प्रसंगी राष्ट्राध्यक्ष त्याला केंद्राच्या सेवेत बोलावतात. रिझर्व्हच्या सैनिकाला राज्याची हद्द आडवी येत नाही. गार्डचा सैनिक मात्र राज्य बदलतो तेव्हा गव्हर्नरही बदलतो, म्हणून त्याच्या बाबतीत सोडणारे आणि घेणारे अशी दोन्ही राज्ये राजी असावी लागतात. ५० राज्ये, राजधानीचा जिल्हा, पोर्टो रिको, ग्वाम आणि व्हर्जिन आयलंड्स मिळून अशी ५४ गार्ड दले आहेत.

खरी अडचण असते ती जागेची. नव्या तुकडीत आपल्याच हुद्द्याची आणि आपल्याच कामाची जागा रिकामी हवी. ट्रकचालक किंवा वैद्यकीय सहायक असेल तर ती सहसा सापडते. हुद्दा जितका वरचा तितक्या जागा कमी. अनुभवी सार्जंटला यामुळेच ताटकळावे लागते. पायदळाच्या सैनिकाला गार्डमधून रिझर्व्हमध्ये जायचे असेल तर वाट जवळजवळ बंदच. रिझर्व्हमध्ये मुख्यतः वाहतूक, वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा साहाय्यक तुकड्या आहेत आणि पायदळाची बटालियन एकच, ४४२ व्या रेजिमेंटची १०० वी. तिचे मुख्य ठाणे हवाईत आहे. अशा वेळी नवे काम शिकून घेणे हाच व्यवहारी मार्ग उरतो. भरतीच्या वेळी विशिष्ट कामासाठी बोनस घेतला असेल, तर काम बदलल्यावर त्यावर पाणी सोडावे लागू शकते.

दल बदलायचे असेल तर ‘डीडी ३६८’ या अर्जाने सशर्त मुक्तता मागतात. शर्त अशी की नव्या दलाने घेतले तरच जुन्याने सोडायचे. तोवर सैनिक जुन्याच हजेरीपटावर. कमांडर नकार देऊ शकतो आणि माणसे कमी असली की तो देतोही. रिझर्व्हमधल्या रिझर्व्हमध्ये कागद कमी लागतात. सही करून घेतलेले सामान, म्हणजे हेल्मेट, पाठपिशवी, स्लीपिंग बॅग वगैरे, यादीशी ताडून जमा करावे लागते किंवा नव्या तुकडीच्या खाती चढवावे लागते. हरवलेल्या वस्तूची किंमत पगारातून वळती होऊ शकते.

मधल्या काळात काय करायचे, याकडे बदली मागणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष असते. महिन्यातला एक शनिवार-रविवार म्हणजे किमान चार तासांची एक अशी चार ड्रिल, वर्षाची ४८. प्रत्येक ड्रिलला एक गुण, वार्षिक शिबिराच्या १४ दिवसांचे १४ आणि नुसत्या सदस्यत्वाचे १५, असे वर्षाकाठी ७७ गुण होतात. निवृत्तिवेतनासाठी वर्ष धरले जायला किमान ५० लागतात आणि अशी २० वर्षे भरावी लागतात. बदलीच्या घोळात सहा महिने ड्रिल आणि शिबिर बुडाले तर हाती ३९ गुण राहतात आणि ते वर्ष त्या हिशेबातून जाते. शिवाय बारा महिन्यांत विनापरवानगी नऊ ड्रिल चुकली की कारवाई होऊ शकते. म्हणून बदलीचा आदेश हाती येईपर्यंत जुन्या तुकडीत जात राहणे, किंवा जवळच्या तुकडीशी तात्पुरते संलग्न होऊन हजेरी लावणे, हाच शहाणपणा.

जागा मिळालीच नाही तर वैयक्तिक राखीव यादीत नाव जाऊ शकते. भरती होताना पत्करलेले आठ वर्षांचे बंधन तिथेही चालू राहते. ड्रिल नाही, ड्रिलचा पगार नाही, पण बोलावणे येऊ शकते. इराक युद्धात २००४ पासून या यादीतल्या हजारोंना ते आले.

सैनिकाने न मागितलेली बदलीही असते. तैनातीवर निघालेल्या तुकडीत माणसे कमी पडली की दुसऱ्या तुकड्यांतून उचलून ती भरतात. याला क्रॉस-लेव्हलिंग म्हणतात. इराक आणि अफगाणिस्तानच्या काळात हे सर्रास झाले. एकत्र सराव केलेली माणसे एकत्र लढावीत, या राखीव तुकडीमागच्या मूळ कल्पनेलाच त्याने धक्का बसला. कुटुंबांचीही आबाळ झाली, कारण मदतीची व्यवस्था नव्या तुकडीच्या गावी आणि घर दुसरीकडे. माणसे देणारी तुकडी पोकळ होते आणि तिची पाळी आली की ती तिसरीकडे हात पसरते. तैनातीची सूचना मिळालेल्या तुकडीतून विनंती बदल्या सहसा थांबवतात, त्या याच कारणाने.