द किंग: इटर्नल मोनार्क

दक्षिण कोरियाची काल्पनिक प्रेमकथा असलेली दूरचित्रवाणी मालिका. एसबीएस वाहिनीवर १७ एप्रिल ते १२ जून २०२० या काळात दर शुक्रवारी आणि शनिवारी रात्री तिचे १६ भाग दाखवले गेले. कोरियाबाहेरच्या प्रेक्षकांना ती नेटफ्लिक्सवर पाहायला मिळाली. लेखिका किम उन-सुक. ‘सिक्रेट गार्डन’, ‘डिसेंडन्ट्स ऑफ द सन’, ‘गॉब्लिन’ आणि ‘मिस्टर सनशाइन’ या गाजलेल्या मालिका त्यांच्याच. मुख्य भूमिका ली मिन-हो आणि किम गो-उन यांच्या. सक्तीची लष्करी सेवा संपवून आल्यावर ली मिन-होची ही पहिलीच मालिका असल्याने तिच्याविषयी आधीपासूनच मोठी उत्सुकता होती.

कथेत दोन कोरिया आहेत, पण ते उत्तर आणि दक्षिण नव्हेत. एक आपल्या ओळखीचं कोरियाचं प्रजासत्ताक. दुसरं समांतर विश्वातलं कोरियाचं साम्राज्य: तिथे आजही सम्राट गादीवर आहे, कारभार निवडून आलेली पंतप्रधान पाहते, राजवाडा बुसानला समुद्राकाठी आहे आणि देशाची फाळणी झालेलीच नाही. १९९४ मधल्या एका रात्री राजाचा सावत्र भाऊ ली लिम राजवाड्यात शिरून राजाचा खून करतो. त्याला हवी असते वाड्यात जपून ठेवलेली एक जुनी बासरी. आठ वर्षांचा युवराज ली गोन थरथरत्या हातांनी वडिलांची तलवार उचलतो आणि वार करतो. बासरीचे दोन तुकडे होतात. अर्धी मुलाकडे राहते, अर्धी काकाच्या हाती लागते. चिडलेला काका मुलाचा जीव घेणार, इतक्यात कुणी अनोळखी माणूस येऊन त्याला वाचवतो. जाताना त्याच्याकडून एक ओळखपत्र पडतं. त्यावर जंग ते-उल नावाच्या पोलीस अधिकारी बाईचा फोटो असतो आणि तारीख असते ११ नोव्हेंबर २०१९, म्हणजे त्या रात्रीपासून पंचवीस वर्षं पुढची. साम्राज्यात या नावाची पोलीस अधिकारीच नाही. पोरका झालेला मुलगा सम्राट होतो आणि ते कार्ड उराशी धरून मोठा होतो. मालिकेचा सगळा डोलारा या एका कार्डावर उभा आहे.

दोन्ही जगांचे रस्ते कुठे वेगळे झाले, याचं मालिकेने दिलेलं उत्तर फार विचारपूर्वक निवडलेलं आहे. ते म्हणजे कोरियावर राज्य करणाऱ्या जोसन घराण्याचा युवराज सोह्यन. पुढे चीनवर राज्य केलेल्या मांचूंपुढे कोरियाला हार पत्करावी लागल्यावर १६३७ मध्ये त्याला ओलीस म्हणून नेण्यात आलं. परमुलुखातल्या आठ वर्षांत तो बीजिंगमध्ये आडाम शाल या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाला भेटला. पाश्चात्त्य गणित आणि खगोलशास्त्र यांची त्याला ओढ लागली. १६४५ मध्ये तो मायदेशी परतला आणि दोन-तीन महिन्यांतच वारला. त्याच्यावर विषप्रयोग झाला, असा संशय कोरियात आजही बोलला जातो. गादी पुढे धाकट्या भावाकडे गेली. मालिकेतल्या साम्राज्यात मात्र सोह्यन जगला, राजा झाला आणि तिथून देशाचा इतिहासच पालटला. आपल्याकडे ‘पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर’ हा प्रश्न जसा पिढ्यानपिढ्या सलतो, आणि जयंत नारळीकरांनी आपल्या विज्ञानकथेत गंगाधरपंतांना ज्या जगात नेऊन सोडलं, त्याच जातीचा हा प्रश्न आहे. खरोखरच्या इतिहासात कोरियाचं साम्राज्य १८९७ मध्ये जाहीर झालं आणि १९१० मध्ये जपानने देश गिळंकृत केल्यावर संपलं. त्यानंतर पस्तीस वर्षांची गुलामी, मग फाळणी, मग युद्ध. यातलं काहीच न घडलेला देश पडद्यावर पाहणं कोरियन माणसासाठी निव्वळ करमणूक असू शकत नाही. आरमाराचा गणवेश चढवून ली गोन जपानी युद्धनौकांना सामोरा जातो, तो प्रसंगही याच जखमेवर बोट ठेवतो.

बासरीही लेखिकेच्या कल्पनेतली नाही. ‘मानपाशिकजक’, म्हणजे दहा हजार लाटा शांत करणारी बासरी, तेराव्या शतकात भिक्खू इर्यन याने संकलित केलेल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात येते. शिल्ला या प्राचीन कोरियन राज्याचा राजा सिनमुन याच्या काळात, ६८२ मध्ये, पूर्व समुद्रात एक डोंगर तरंगत आला. त्यावरचा बांबू दिवसा दोन व्हायचा आणि रात्री एक. राजाने कारण विचारल्यावर समुद्रातल्या ड्रॅगनने सांगितलं की एका हाताने टाळी वाजत नाही, दोन्ही हात जुळले तरच आवाज होतो. हा बांबूही जुळल्यावरच वाजेल. त्याची बासरी केली. ती वाजवली की शत्रू माघार घेई, रोग हटत, दुष्काळात पाऊस पडे आणि लाटा निवत. मालिकेत दुभंगलेली बासरी आणि दुभंगलेली जगं का आहेत, हे ही दंतकथा वाचल्यावर लख्ख कळतं. अर्धी बासरी गोनच्या घोड्याच्या चाबकात लपवलेली आहे, अर्धी लिमच्या छत्रीत. ज्याच्याजवळ अर्धी आहे, त्याला बांबूच्या बनातलं दार उघडतं. दार म्हणजे दोन उंच दगडी खांब. कोरियातल्या जुन्या बौद्ध मठांपुढे ध्वजाची काठी रोवायला असे जोडखांब असत. बनाचं चित्रीकरण बुसानच्या गिजांग भागातल्या आहोपसान या जुन्या वनात झालं.

पहिली भेट सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात होते. पांढऱ्या घोड्यावर बसलेला तरुण भर रहदारीत येऊन थांबतो, गाड्या खोळंबतात आणि जंग ते-उल त्याला हटकायला पुढे येते. तो तिच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहतो, घोड्यावरून उतरतो आणि अखेर भेट झाली म्हणून तिला मिठी मारतो. त्याच्यापाशी पंचवीस वर्षांची वाट पाहणं आहे आणि तिच्यापाशी काहीच नाही, ही या प्रेमातली विषमता त्या एका मिठीत दिसते. या जगात त्याची कुठेच नोंद नाही. कोटाची हिऱ्याची बटणं विकून तो पैसे उभे करतो. मॅक्सिमस नावाचा तो घोडा तिच्या घराच्या अंगणात बांधलेला राहतो. सम्राट पेशाने गणितज्ञ असल्याने जगाचं कोडंही तो आकड्यांनी सोडवू पाहतो.

एकाच चेहऱ्याची माणसं दोन्ही जगांत असतात आणि लिमचा धंदा याच्यावर चालतो. एका जगातल्या माणसाला संपवायचं आणि त्याच्या जागी दुसऱ्या जगातला जुळा बसवायचा. ज्याला आपलं आयुष्य नकोसं झालंय, त्याला तो दुसऱ्याचं आयुष्य देऊ करतो. प्रजासत्ताकातल्या स्वतःच्या जुळ्यालाही त्याने सोडलेलं नाही. मालिकेतलं सर्वांत अस्वस्थ करणारं हेच आहे. माझ्या मते प्रेमकथेपेक्षा हा धागा अधिक खोल जातो. अभिनयात वू दो-ह्वान सरस ठरतो. अंगरक्षकांचा ताठ, मितभाषी कप्तान जो यंग आणि पोलीस ठाण्यात काम करणारा बडबड्या जो उन-सप, हे दोघं एकाच माणसाने केलेत हे अनेकदा विसरायला होतं. पोलीस कांग शिन-जेच्या भूमिकेतल्या किम क्यंग-नामने, आपण मुळात या जगातले नाहीच हे कळलेल्या माणसाचं दुःख फार संयमाने दाखवलं आहे. मुख्य दासी नो ओक-नामच्या भूमिकेत ज्येष्ठ अभिनेत्री किम यंग-ओक आहेत.

मायदेशात मालिकेचं स्वागत संमिश्र झालं. पहिल्या आठवड्यात प्रेक्षकसंख्या दहा टक्क्यांच्या वर गेली आणि मग उतरत गेली. जगं, काळ आणि जुळे यांचा गुंता सोडवताना प्रेक्षक मागे पडत होते, ही तक्रार खरी आहे. काही भाग दोनदा पाहिल्याशिवाय उलगडत नाहीत. पदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती प्रसंगांत कोंबल्यामुळेही टीका झाली. शीर्षकदृश्यात साम्राज्याची म्हणून दाखवलेली इमारत जपानी बौद्ध मंदिरासारखी दिसते, हे लोकांच्या लक्षात आल्यावर निर्मात्यांना माफी मागून ते चित्र बदलावं लागलं. जपानमुक्त इतिहास रंगवणाऱ्या मालिकेत हीच चूक व्हावी, हे चाहत्यांना फार लागलं. देशाबाहेर मात्र तिला मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला.

शेवटाकडे गोन दार ओलांडून थेट १९९४ च्या त्या रात्रीत जातो. इकडे दोन जगांमधल्या अधांतरी जागेत ते-उल लिमसमोर एकटी उभी राहते. भूतकाळ बदलला तर ती त्याला विसरून जाईल, हे दोघांनाही ठाऊक असतं, तरीही तो निघतो. काळ नव्याने मांडला जातो, मेलेली माणसं परत येतात, पण तिची आठवण शाबूत राहते. दोघंही आपापलं जग सोडत नाहीत. आठवडाभर ती सोलमध्ये गुन्हेगार पकडते, तो राज्य करतो, आणि शनिवार-रविवार दोघं मिळून दारापलीकडे कुठल्या तरी वेगळ्याच काळात फिरायला जातात.